तालिकेतील रिकामी चौकट

ग्रंथालयाची संगणकीय तालिका उघडली की वाचकासमोर बहुधा एक रिकामी शोधचौकट येते. लेखकाचे नाव किंवा ग्रंथाचे शीर्षक ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याचे काम ती चोख करते. परंतु संग्रहात मुळात काय आहे, ते कोणत्या काळातले आहे आणि कोणत्या विषयात संग्रह तोकडा आहे, हे जाणून घेऊ पाहणाऱ्या वाचकाला ती काहीच सांगत नाही. ही उणीव भरून काढण्याचे साधन म्हणजे दृश्य व परस्परसंवादी इंटरफेस, अर्थात डेटाबेसमधील नोंदी नकाशा, आलेख किंवा कालपट्टीच्या रूपात मांडून वाचकाला त्या थेट हाताळू देणारी रचना.

या विचाराला तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात बेन श्नाइडरमन आणि ख्रिस्तोफर विल्यमसन यांनी 1992 मध्ये मांडलेल्या ‘होमफाइंडर’मध्ये विक्रीची घरे वॉशिंग्टनच्या नकाशावर ठिपक्यांच्या रूपात दिसत, आणि किंमत किंवा अंतर दर्शवणारी सरकपट्टी हलवताच अटीत न बसणारे ठिपके तत्क्षणी नाहीसे होत. प्रश्नाची भाषा न शिकता प्रश्न विचारण्याच्या या पद्धतीला ‘गतिमान पृच्छा’ म्हणता येईल. आधी समग्र दर्शन, मग जवळून पाहणे व गाळणे, आणि तपशील मागणीनुसार, हा श्नाइडरमन यांनी 1996 मध्ये सांगितलेला क्रम आजही अशा रचनांचा पाया मानला जातो. ग्रंथालयांच्या तालिका मात्र अजून थेट तपशिलापासून सुरुवात करतात.

ग्रंथालयीन व्यवसायाला तर ही दृष्टी परकी नसावी. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे स्वतंत्र पैलू पाडून ते जोडण्याची जी रीत घालून दिली, तिच्याशी आजच्या पैलूनिष्ठ शोधाचे, म्हणजे भाषा, काळ, स्थळ, विषय अशा अंगांनी निकाल गाळत जाण्याच्या सोयीचे, नाते थेट आहे. ‘कोहा’सारख्या मुक्तस्रोत ग्रंथालय-प्रणालीत असे पैलू निकालांच्या बाजूला दिसतात, पण ते शोध घेतल्यानंतरच. खरी गरज ते पहिल्याच पानावर, प्रत्येकापुढे नोंदींची संख्या देऊन मांडण्याची आहे, कारण संख्या दिसली की वाचक रिकाम्या निकालाकडे जातच नाही.

मराठी संग्रहांपुढची मुख्य अडचण सॉफ्टवेअरची नसून नोंदींची आहे. शके 1850 हा मुखपृष्ठावरील आकडा वर्षाच्या रकान्यात जसाच्या तसा भरला, तर 1928-29 चा ग्रंथ कालपट्टीवर 1850 पाशी जाऊन बसतो आणि एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणाचे खोटे चित्र उभे राहते. शोधचौकटीत ही चूक वर्षानुवर्षे दडून राहते, आलेखात ती लगेच उघडी पडते. तीच गत नावांची: ‘ह. ना. आपटे’, ‘हरि नारायण आपटे’, ‘हरी नारायण आपटे’ आणि त्यांची रोमन लिपीतील रूपे यांचे संगणक निरनिराळे लेखक करतो. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी अंत्य इकार-उकार दीर्घ केल्यापासून ‘कवि’ आणि ‘कवी’ ही दोन्ही रूपे तालिकांमध्ये नांदत आहेत, आणि पैलूंच्या यादीत ती दोन वेगळ्या ओळी होऊन येतात. छापील रूप जपणे हे तालिकाकाराचे कर्तव्यच आहे. म्हणून ‘मार्क’ या यंत्रवाचनीय आराखड्यातील नोंदीत शके वर्ष प्रकाशनाच्या रकान्यात तसेच ठेवून इसवी सन मात्र ‘008’ या संकेतबद्ध क्षेत्रात द्यावा, शके वर्ष दोन इसवी सनांत विभागले जात असल्याने गरजेनुसार दोन्ही सन द्यावेत, आणि नावांची सर्व रूपे प्राधिकृत नावाच्या नोंदीत एकत्र बांधावीत.

ज्या ग्रंथांचे वर्ष ठाऊकच नाही, त्यांना कालपट्टीवरून वगळण्याचा मोह आवरला पाहिजे. ‘वर्ष अज्ञात’ असा स्वतंत्र स्तंभ वाचकाला दाखवणे हाच प्रामाणिकपणा होय. त्याची उंची पाहून संग्रहाचे राहिलेले कामही कळते.

सर्व तालिकाकारांना विनंती आहे, की नवी प्रणाली विकत घेण्याची चर्चा सुरू होण्यापूर्वी आपल्या संग्रहातील प्रकाशनवर्षांचा एक साधा स्तंभालेख काढून पाहावा आणि त्यात दिसणाऱ्या चुकांपासून दुरुस्तीला आरंभ करावा.