किनाऱ्यावरचे घड्याळ आणि हरवलेली पावती

कोकणातल्या जुन्या घरात पेटाऱ्याच्या तळाशी काय सापडेल, याचा नेम नसतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांतले कर्ते पुरुष बोटीवर खलाशी म्हणून गेले. सत्तरच्या दशकात तेलाच्या पैशाने आखाती देशांत रोजगार वाढला, तेव्हा त्यांच्यात नोकरीसाठी जाणाऱ्यांची भर पडली. सुटीवर गावी येताना अत्तर, कापड आणि ट्रान्झिस्टरबरोबर मनगटावर परदेशी घड्याळही येई. त्यातले एखादे पाणबुड्यांसाठी बनवलेले, म्हणजे संग्राहक ज्याला 'डायव्ह वॉच' म्हणतात तसे निघाले, तर त्याची किंमत आज घराच्या वाडीतल्या सुपारीच्या वर्षभराच्या उत्पन्नाहून अधिक भरू शकते. मात्र ती पदरात पडणे वाटते तितके सोपे नाही.

या घड्याळांना एवढे मोल का आले, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९५३ मध्ये ब्लाँपँ कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ आणले आणि त्याच सुमारास रोलेक्सचे 'सबमरिनर' अवतरले. पाणी आत शिरू न देणारी पेटी, अंधारात चमकणारे काटे आणि पाण्याखाली किती मिनिटे झाली हे दाखवणारे फिरते कडे, ही त्यांची वैशिष्ट्ये होती. १९६५ मध्ये जपानच्या सेईकोनेही या क्षेत्रात पाऊल ठेवले. १८६५ पासून भारतात व्यापार करणाऱ्या फाव्र-ल्युबा या स्विस कंपनीने तर साठच्या दशकात चक्क पाण्याची खोली मोजणारे 'बॅथी' हे घड्याळ बनवले. हीच कंपनी २०११ मध्ये टाटा समूहातील टायटनने विकत घेतली होती. ही घड्याळे तिजोरीत ठेवण्यासाठी नव्हती, कामासाठी होती. ती वापरली गेली, झिजली, टाकून दिली गेली. म्हणूनच मूळ रूपात टिकलेली थोडी आहेत. जून २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे क्रिस्टीजच्या लिलावात '६५३८' क्रमांकाचे एक 'सबमरिनर' १० लाख ६८ हजार ५०० डॉलरना गेले, ते तिच्या दुर्मीळ तबकडीमुळे. त्याच नमुन्यावर दुसऱ्या कुणी नवी तबकडी रंगवून बसवली असती, तर हा आकडा स्वप्नातही दिसला नसता.

दुरुस्तीनेच घात

कोकणातील घड्याळांची पहिली अडचण इथेच सुरू होते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत रबरी वॉशर कुजतात, पेटीत दमटपणा शिरतो आणि तबकडीवर डाग धरतात. पूर्वी अशा घड्याळाची तबकडी बाजारात नव्याने रंगवून घेतली जाई, काटे बदलले जात, पेटीला पॉलिश करून नवी झळाळी आणली जाई. घड्याळ चालते ठेवण्यासाठी केलेली ही प्रामाणिक दुरुस्ती होती, पण संग्राहकाच्या लेखी तीच मोठी हानी ठरते. त्याला डागाळलेली का होईना, मूळ तबकडी हवी असते. काट्यांवरचा चमकणारा लेप साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियमचा असे, पुढे ट्रिटियमचा आला. ट्रिटियमची किरणोत्सर्गी शक्ती सुमारे बारा वर्षांत निम्मी होते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे ट्रिटियमचे घड्याळ आज अंधारात लख्ख चमकत असेल, तर जाणकाराच्या मनात आधी शंका येते. रेडियमचा धोका मात्र शेकडो वर्षे टिकतो. असे घड्याळ घरात उघडून लेप खरवडणे प्रकृतीला घातक आहे.

जाणकारही फसतात, हे ओमेगाच्या प्रकरणाने दाखवून दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात तिचे एक 'स्पीडमास्टर' ३० लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला विकले गेले. ते निरनिराळे भाग जुळवून तयार केलेले होते, असे खुद्द कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. तेव्हापासून ग्राहकाची पहिली मागणी कागदाची असते : घड्याळ कुणी, कधी, कुठे घेतले आणि ते कुणाच्या हातून कुणाकडे आले?

कायद्याचाही तोच प्रश्न

रायगडच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न अवघड ठरतो, कारण तो संग्राहकाप्रमाणे कायदाही विचारतो. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचा उल्लेख नावाने आहे. तस्करीचा माल असल्याच्या सबळ संशयावरून अशी वस्तू जप्त झाली, तर ती तस्करीची नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ती सापडली त्याच्यावर, तसेच मालकी सांगणाऱ्यावर येते. एरवी आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो, इथे मात्र उलटे आहे.

या तरतुदीमागे काळाची गरज होती. आयातीवर कडक निर्बंध होते आणि शुल्क जबर होते. सरकारी एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली, तरी परदेशी घड्याळाची हौस भागत नव्हती. दुबईहून निघालेल्या गलबतांतून सोने, कापड आणि घड्याळे कोकणातील खाड्यांत उतरत. १९७४ मध्ये 'कोफेपोसा' कायदा आला, तो याच टोळ्यांना आवर घालण्यासाठी. आर्थिक उदारीकरणानंतर या धंद्याचा कणा मोडला, पण वाटा राहिल्या. १९९३ च्या जानेवारीत दिघी आणि फेब्रुवारीत शेखाडी, या श्रीवर्धन तालुक्यातील ठिकाणी त्याच वाटांनी शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले. त्या खटल्यात कस्टम आणि पोलिस खात्यातील काही जणही दोषी ठरले. हा कलंक साऱ्या किनाऱ्याला लागला, आणि घामाच्या पैशाने घेतलेली परदेशी वस्तूदेखील येथे हळू आवाजात बोलण्याचा विषय झाली.

या संकोचाचा फायदा दलाल घेतो. "कागद नाहीत ना? मग पुढे कटकट होईल," एवढे म्हटले की विकणारा नरमतो आणि घड्याळ कवडीमोलाने जाते. वास्तविक कलम १२३ प्रत्येक जुन्या घड्याळाला चोरटे ठरवत नाही. जप्ती आणि सबळ संशय या दोन्ही गोष्टी घडल्याशिवाय ते लागूच होत नाही. पुरावस्तू कायद्याचीही भीती अनाठायी आहे. त्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू मोडते, आणि १९५३ नंतरचे घड्याळ त्या वयाचे नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने स्वतःच्या वापरातील साधे पोलादी घड्याळ भांडवली मालमत्तेत धरले जात नाही. सोन्याच्या घड्याळाचे किंवा घड्याळांचा व्यापार करणाऱ्याचे गणित अर्थात वेगळे.

बाजाराचे वारेही विकणाऱ्याच्या बाजूचे आहे. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला परवाना लागत असल्याने परदेशातील लिलावातून जुने घड्याळ देशात आणणे संग्राहकाला कठीण जाते. साहजिकच देशात आधीपासून असलेल्या घड्याळांना मागणी आहे. मुंबईतील सॅफ्रनआर्ट, अस्तगुरु यांसारख्या लिलावगृहांनी घड्याळांचे लिलाव केले आहेत. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरील मनगटी घड्याळाच्या विक्रीवर व्यापाऱ्याने एक टक्का कर गोळा करण्याची तरतूद लागू झाली. म्हणजे या व्यवहारांची नोंद आता सरकारदरबारी होऊ लागली आहे. स्वित्झर्लंडचा समावेश असलेल्या 'एफ्टा' गटाशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ रोजी अमलात आला आणि स्विस घड्याळांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणीला लागले. ज्या शुल्कामुळे घड्याळांची तस्करी फोफावली तेच ओसरत असताना, पुराव्याचा उलटा भार घड्याळांवर कायम ठेवण्याची गरज आहे काय, याचा विचार सरकारने करायला हवा.

तोवर घरच्यांनी करण्यासारखे पुष्कळ आहे. घड्याळाला पॉलिश करू नये. पेटी, जुना पट्टा, दुरुस्तीची चिठ्ठी फेकू नये. खलाशाचे सीडीसी पुस्तक, जुना पारपत्र, कस्टमची पावती, घड्याळ मनगटावर दिसणारे छायाचित्र हे सारे एकत्र ठेवावे. तोच संग्राहकासाठी इतिहास आणि कायद्यापुढे पुरावा. एकाच दलालाच्या शब्दावर विसंबून न राहता दोन-तीन ठिकाणी मूल्यांकन करून घ्यावे आणि विक्री लेखी, बँकेमार्फतच करावी.

वस्तूचे मोल केवळ तिच्या धातूत नसते, हे या तालुक्याला वेगळे सांगायला नको. दिवेआगरला नोव्हेंबर १९९७ मध्ये जमिनीतून निघालेला सुवर्णगणेश मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांचा बळी घेऊन पळवला आणि वितळवला. त्यातील सोने पुढे हाती लागले, २०२१ मध्ये नवी मूर्तीही बसली. पण जमिनीतून निघालेली ती मूर्ती परत मिळाली नाही. पेटाऱ्यातल्या घड्याळाची तबकडी रंगवण्यापूर्वी किंवा सोबतचा कागद चुलीत टाकण्यापूर्वी एवढे आठवले तरी पुरे.