बळ यंत्राचें, लगाम आपल्या हातीं

संस्कृतांत सारथ्याला ‘यंता’ असें एक नांव आहे. यंता म्हणजे आवरणारा. आणि ‘यंत्र’ म्हणजेही मूळांत आवरण्याचें साधन. चाळीस वर्षांच्या अध्यापनांत ही व्युत्पत्ति मीं विद्यार्थ्यांस पुष्कळदां सांगितली. परंतु तिचा अर्थ मला स्वतःला नीट कळला तो गेल्या उन्हाळ्यांत, इंग्लंडमध्यें, एका शेजाऱ्याच्या अंगणांत. तीच हकीकत या वेळीं वाचकांस सांगावयाची आहे.

आमची कन्या व जांवई ब्रिस्टल शहराजवळ राहतात. त्यांच्याकडे आम्ही उभयतां दोन महिने होतों. तिकडे पुष्कळ कुटुंबांजवळ कॅरव्हॅन असते. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागें जोडून नेण्याचें चाकांवरचें घर. आंत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय केलेली. ही हौस तिकडे जुनी आहे. आरमारांतील निवृत्त शल्यवैद्य डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनीं १८८५ सालीं ब्रिस्टलच्याच एका कारखान्यांतून ‘वॉण्डरर’ नांवाचें असें एक घर बांधवून घेतलें होतें. त्याचें वजन सुमारें दोन टन, आणि तें ओढावयास दोन घोडे. आतां घोड्यांच्या जागीं मोटार आली. मोटार घर ओढून नेते झकास; पण तेंच घर मागें सारून अरुंद जागेंत घालणें मात्र कर्मकठीण. मागें येतांना चालकानें चक्र डावीकडे फिरविलें कीं जोडलेल्या घराची पाठ उजवीकडे वळते, आणि भल्याभल्यांची मति गुंग होते.

कन्येच्या शेजारीं एक पंचाहत्तरीचे गृहस्थ व त्यांची पत्नी अशीं दोघेंच राहतात. त्यांच्या कॅरव्हॅनचें वजन सुमारें १३०० किलो, रुंदी २.३ मीटर. ती ठेवण्याची जागा म्हणजे त्यांचें घर व बाजूची दगडी भिंत यांमधील २.७ मीटर रुंदीचा बोळ. दोहों बाजूंस जेमतेम वीतभर मोकळीक. शिवाय बोळाला चढ. पूर्वीं ते मोटार रस्त्यावरच सोडवीत आणि तिघांचौघां शेजाऱ्यांच्या मदतीनें गाडी हातांनीं ढकलून आंत घालीत. पुढें त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली व डॉक्टरांनीं असली ढकलाढकल वर्ज्य केली. मुलगा दूरच्या शहरीं. दर वेळीं लोकांचीं दारें ठोठावण्याचा त्यांना संकोच वाटूं लागला. दोन उन्हाळे गाडी जागची हालली नाहीं. छपरावर शेवाळ धरलें. ती विकून टाकावी, असा मुलानें आग्रह धरला. “मी म्हातारा झालों तो शस्त्रक्रियेमुळें नव्हे, त्या दोन उन्हाळ्यांमुळें,” असें ते मला म्हणाले.

अखेर त्यांनीं गाडीला ‘मूव्हर’ बसवून घेतला. गाडीच्या सांगाड्याखालीं प्रत्येक चाकाशेजारीं एक अशा विजेच्या दोन लहान मोटारी असतात, आणि प्रत्येकीला एक खरखरीत रोलर. हा रोलर टायरवर घट्ट दाबून बसतो. तो फिरूं लागला कीं चाक फिरतें. वीज गाडींतील १२ व्होल्टच्या बॅटरीची, आणि हुकूम हातांतल्या छोट्या रिमोटचा. दोन्ही चाकें एका दिशेनें फिरलीं कीं गाडी सरळ जाते. एकच फिरलें तर वळते. एक पुढें व दुसरें मागें फिरलें तर जागच्या जागीं फिरते. आपल्याकडे बैल सोडल्यावर गाडी छपरांत घालतांना एक चाक धरून दुसरें ढकलतात, तोच हा न्याय. वेग अगदीं संथ, सेकंदास सुमारें १५ सेंटिमीटर.

या कामाचा क्रम त्यांनीं मला एखाद्या विद्यार्थ्याला शिकवावा तसा शिकविला. प्रथम हातब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावे, आणि मग मोटार सोडवावी. गाडीच्या चारी कोपऱ्यांचे पाय पुरते वर घ्यावे. पुढचें लहान चाक जमिनीवर टेकलेलें असावें. नंतर रोलर टायरला भिडवावे, आणि मगच ठोकळे काढून ब्रेक सोडावा. गाडी जागेवर पोंचल्यावर आधीं ब्रेक, मग ठोकळे, आणि सर्वांत शेवटीं रोलर सोडवावे. कारण रोलर भिडलेले असतात तोंवर तेच गाडीला धरून ठेवतात. चढावर ब्रेक न ओढतां ते सोडविले, तर १३०० किलोंचें घर आपण होऊन उताराला लागेल! पुन्हां प्रवासास निघतांना रोलर टायरपासून दूर झाल्याचें स्वतः वांकून पाहावें. नाहीं तर टायर आणि यंत्र दोहोंची नासाडी. यंत्राचें वजन सुमारें ३० किलो असतें व तें गाडीच्या परवानगीच्या वजनांतच धरावें लागतें. म्हणून तेवढें सामान कमी घ्यावें. बॅटरी पुरती भरलेली असावी, कारण चढावर ती लवकर उतरते. वाटेंत उंच कड आली तर चाकांखालीं उतरती फळी ठेवावी.

एके दिवशीं त्यांनीं रिमोट माझ्या हातीं दिला. मी गाडीकडे तोंड करून समोर उभा होतों. रिमोटवरचें डावें-उजवें हें गाडीचें, आपलें नव्हे, असें त्यांनीं बजावलें होतें. मी तेवढेंच घोकीत राहिलों. माझी सारी नजर गाडीच्या तोंडाकडे. तोंड एका बाजूस वळूं लागलें कीं पाठ दुसऱ्या बाजूस झुकते, ही साधी गोष्ट मी विसरलों. आणि त्याच बाजूस, गाडी व भिंत यांच्या मधें, माझी सहा वर्षांची नात चेंडू आणावयास शिरली होती. मागें उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनीं “थांबा!” अशी आरोळी ठोकली. मीं कळेवरचें बोट उचललें. बोट उचलतांच यंत्र थांबतें, तसें तें थांबलें. नात भिंतीला चिकटून उभी. तिच्या व गाडीच्या मधें चार बोटांचें अंतर. “आजोबा, चेंडू सांपडला!” असें म्हणत ती हंसत बाहेर आली. माझे हात मात्र पुढें कितीतरी वेळ कांपत होते. रात्रीं जेवणही गेलें नाहीं.

त्या गृहस्थांनीं मला दोष दिला नाहीं. ते इतकेंच म्हणाले, “पूर्वीं ढकलावयास चार माणसें असत, म्हणजे आठ डोळे असत. यंत्रानें माणसें कमी केलीं, त्याबरोबर डोळेही कमी झाले. म्हणून मी ही गाडी एकट्यानें कधीं हालवीत नाहीं.” त्यांची पत्नी नेहमीं मागच्या कोपऱ्याशीं उभी राहते, आणि तिचा हात वर झाला कीं त्यांचें बोट उचललें जातें. त्या दिवसापासून मुलें घरांत गेल्याची खात्री केल्याखेरीज रिमोटला हात लावावयाचा नाहीं, असा नियमही ठरला.

पुढल्या आठवड्यांत त्यांचा मुलगा आला. वडिलांना त्रास नको म्हणून त्यानें रिमोट मागितला. तेव्हां आई त्याला म्हणाली, “तूं मागें उभा राहा आणि भिंतीकडे पाहा. गाडी तेच नेतील.” मुलगा मुकाट्यानें मागें गेला. वृद्ध गृहस्थांनीं वीत वीत करून गाडी बोळांतून बाहेर काढली, मोटारीला जोडली, आणि दोघें नवराबायको वेल्सच्या किनाऱ्याकडे निघून गेलीं.

मला त्या वेळीं घरची आठवण झाली. आमचे थोरले बंधु आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दृष्टि मंद झाल्यामुळें घरचा व बागेचा हिशेब पुतण्यांनीं त्यांच्या हातून काढून घेतला, आणि त्यांना त्रास नको म्हणून विचारणेंही सोडून दिलें. या गोष्टीला मीही रुकार दिला होता. तेव्हांपासून दादा ओटीवर बसून असतात, बोलत नाहींत. परत आल्यावर मीं पुतण्यांना जवळ बसवून हें सारें सांगितलें. आतां रात्रीं थोरला पुतण्या वही वाचून दाखवितो, बेरजा तोच करितो. पण कोणाला किती द्यावयाचें तें दादा सांगतात. मागल्या महिन्यांत त्यांनीं एका जुन्या येण्याची चूकही काढून दिली.

वडील माणसांचें बळ ओसरलें म्हणजे तें आपण पुरवावें; डोळे मंदावले म्हणजे आपण त्यांचे डोळे व्हावें. पण बोट ज्यांचें, त्यांचेंच कळेवर राहूं द्यावें. यंत्रालाही यंता लागतो. घराला तो नको असेल काय?