बैठक आणि कंबर

संगीताच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्याला पहिली गोष्ट शिकवतो ती बैठक, स्वर नंतर. मांडी कशी घालावी, तुंबा कोठे टेकावा, मान कशी असावी, याबाबत आम्हां शिक्षकांची नजर मोठी तीक्ष्ण असते. पण त्याच बैठकीत दोन-दोन तास बसलेल्या कमरेचे काय होते, याविषयी आम्ही सोयीस्कर मौन पाळतो.

माझे वडील बडोद्याच्या दरबारचे सतारिये. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबारात बसल्यावर पाय हलवणे बेअदबी समजत, हे ते अभिमानाने सांगत. रात्री मात्र पालथे पडून आईकडून कोमट तिळेलाने कंबर चोळून घेत. मी त्यांची बैठक उचलली आणि यथावकाश उसणही.

या शहराला हातांच्या उपचारांचे वावडे कधीच नव्हते. जुम्मादादांच्या व्यायाममंदिराची परंपरा चालवणारे राजरत्न प्रा. माणिकराव हाडे बसवण्यासाठीही ख्यातनाम होते. तेव्हा कंबर धरली की डॉक्टरापेक्षा ‘हात’ शोधायचा, ही आमची जुनी खोड. लहानपणी मला एका पायाळू गृहस्थांकडेही नेले होते. त्यांनी कमरेला पाय लावला, आणि चमक गेली असे मी भिडेखातर सांगितले.

गेल्या वर्षी मात्र ही खोड मला महागात पडली. खरे म्हणजे माझ्या एका विद्यार्थिनीला पडली. सतार वाजवताना तिच्या कमरेतली कळ पायात उतरू लागली. मी आधी म्हणालो, ‘सहन कर.’ मग एका चोळणाऱ्याकडे मीच पाठवले. त्याने ‘मणका सरकलाय’ म्हणून गुडघा रोवून पाठ पिळली. दोन दिवसांत तिचे पाऊल उचलेना. पिळण्यानेच तसे झाले की दुखणे त्या वाटेवर होतेच, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आले नाही. पाऊल सुधारायला पाच महिने लागले. त्या मुलीच्या आईसमोर बसताना मला माझी बैठक सापडत नव्हती.

म्हणून स्पष्ट लिहितो. पायातली शक्ती जात असेल, जांघेत बधिरता असेल, लघवीवरचा ताबा सुटला असेल, ताप असेल किंवा पडझड झाली असेल, तर चोळणे-पिळणे बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. एरवी बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. अंथरुणाला खिळून राहण्याने उलट लांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत व्यायामाबरोबर मालिश आणि जाणकार हाताने केलेले मणक्यांचे उपचार यांनाही स्थान आहे. पण कमरपट्टे आणि वजने लावून ओढणे यांचा नेहमीचा वापर त्यांनी नाकारला आहे. मी स्वतः तीन वर्षे पट्टा बांधून वर्ग घेतले!

चोळण्याने आराम पडतो, हे मी नाकारत नाही. मी आजही तेल लावतो. पण तो आराम दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी आपण त्याच सतरंजीवर तसेच बसतो. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहिले, की कंबर मागे कलते आणि कण्याचा खालचा स्वाभाविक बाक नाहीसा होतो. बुडाखाली चार बोटे उंचीची घोंगडीची घडी घातली, की तो बराचसा परत येतो. तबलजी निदान मांडी बदलू शकतो. सतारियाची सोय तीही नाही. डावा पाय तुंब्याखाली, उजवा त्याच्यावरून, आणि धड किंचित वळलेले. त्याने तर अर्ध्या तासाने उठलेच पाहिजे.

आणि चालले पाहिजे. ऑस्ट्रेलियात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ७०१ माणसे होती. कंबरदुखीतून बरे झाल्यावर ज्यांना पद्धतशीर चालायला लावले, त्यांचे दुखणे उलटायला सरासरीने २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांत उलटले. यात ना तेल, ना गुडघा.

आता माझ्या वर्गात दर अर्ध्या तासाने वाद्ये खाली ठेवून सर्वजण व्हरांड्यात दोन फेऱ्या मारतात. एका वडीलधाऱ्या गुरुबंधूंनी परवा हे पाहिले आणि ‘ही काय कवायत?’ म्हणून नाक मुरडले. फेऱ्या संपेपर्यंत ते मात्र भिंतीला पाठ टेकून, एक हात कमरेवर ठेवून उभे होते. मी त्यांच्यासाठी घोंगडीची घडी घातली. ते काही न बोलता तिच्यावर बसले.