वेणांचा बाजार मांडू नका!

बाई कळा देते आहे. घामाने केस कपाळाला चिकटले आहेत, शब्द फुटत नाही, अंगावरच्या कपड्याची शुद्ध नाही. आणि तिच्या उशाशी मोबाइलचा कॅमेरा सुरू आहे. दुसऱ्या दिवशी त्या कळेला संगीत चढते, बाळाच्या पहिल्या रडण्यावर सोबतिणीचे नाव झळकते, आणि खाली ओळ येते : ‘पुढच्या महिन्याचे बुकिंग सुरू’. आईला अजून धड उठून बसताही येत नाही. तेवढ्यात हजारो अनोळखी लोक तिच्या वेणा बोटाने वर सरकवून पुढे गेलेले असतात.

ही सेवा नव्हे. ही लूट आहे. बाईच्या आयुष्यातल्या सर्वांत उघड्या, सर्वांत असहाय क्षणाची लूट आहे, आणि ती तिच्याच सोबतीला आलेल्या बाईच्या हातून होते आहे म्हणून ती अधिक संतापजनक आहे.

आमचे भांडण डूलेशी, म्हणजे पैसे घेऊन बाळंतिणीला सोबत करणाऱ्या सोबतिणीशी, नाही, हे आधीच बजावतो. प्रसूतीत बाईजवळ सतत थांबणारी, पाठ चोळणारी, श्वास सांभाळायला लावणारी, घाबरलेल्या पहिलटकरणीला ‘मी इथेच आहे’ असे सांगणारी सोबतीण म्हणजे चैन नव्हे. ती गरज आहे. ग्वाटेमालात केलेला एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. बाळंतिणींजवळ एक अनोळखी, साधीसुधी बाई फक्त सोबत म्हणून बसवली होती. ज्यांची प्रसूती गुंतागुंतीशिवाय पार पडली, त्यांत सोबत मिळालेल्यांना सरासरी ८.८ तास लागले. एकट्या राहिलेल्यांना १९.३ तास. पुढे १७ देशांतल्या २६ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक बायका यांचा एकत्रित आढावा २०१७ साली घेतला गेला. सतत सोबत मिळाली की सिझेरियन कमी होते, कळांचा काळ घटतो, बाळंतपणाची कडू आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी होतात, असाच निष्कर्ष निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत बाईच्या पसंतीची सोबत प्रत्येकीला मिळावी असे स्पष्ट म्हटले. ग्वाटेमालातल्या त्या सोबतिणीपाशी पदवी नव्हती, जाहिरात नव्हती, अनुयायी नव्हते. ती जागची हलली नाही, एवढीच तिची विद्या होती.

मग आज पुण्या-मुंबईतली शिकलेली, कमावती बाई पदरचे पैसे मोजून डूला का शोधते? कारण आमच्या प्रसूतिगृहांनी तिला एकटे पाडले आहे. टेबलावर कळा देणाऱ्या बाईला ‘आता कशाला ओरडतेस, तेव्हा कळलं नाही का?’ असे हिणवणारी जीभ या राज्यात कोणी ऐकली नाही? मांडीवर बसलेली चापट कोणाच्या आई-मावशीने सांगितली नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले. सरकारी रुग्णालयांत तेच प्रमाण १४.३ टक्के. सिझेरियन प्राण वाचवते, ते हवेच. पण सरकारी आणि खासगी दारांत एवढी दरी पडावी, असे बायकांच्या शरीरात काय बदलते? याचे उत्तर कोणी देत नाही, म्हणूनच बाई आपल्या बाजूने बोलणारे माणूस शोधते.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला परवानगी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने लेबर रूममध्ये सोबत, पडदा आणि सन्मान यांना गुणवत्तेच्या कसोटीत स्थान दिले. कागद चोख आहेत. पण आजही कित्येक ठिकाणी सासू बाहेर बाकावर, आई व्हरांड्यात आणि बाळंतीण आत एकटी! तिचा हात धरायला कोणी का नव्हते, असा जाब एकाही अधिकाऱ्याला विचारला जात नाही.

ही जखम खरी आहे. आणि खऱ्या जखमेवरच आता बाजार उभा राहतो आहे.

या बाजाराचा हिशेब निर्घृण आहे. शांतपणे, दोन फाटक्या टॉवेलांत आणि चार धीराच्या शब्दांत पार पडलेले बाळंतपण कोणी पाहत नाही. किंकाळी पाहतात, रक्त पाहतात, अश्रू पाहतात. मोबाइलच्या पडद्याला नाट्य लागते. एकदा अनुयायांची चटक लागली की डूलेची नजर बदलते. बाई वेदनेत असताना तिला पाणी हवे की पाठीला आधार हवा, हे पाहण्याऐवजी उजेड कुठून येतो हे पाहिले जाते. आम्ही ठणकावून सांगतो : एका हातात मोबाइल धरलेली डूला ही बाळंतिणीला दिलेला हात परत काढून घेणारी डूला आहे.

नाट्य संपले की भीती विकली जाते. ‘डॉक्टर तुम्हाला फसवतात’, ‘इंजेक्शन म्हणजे विष’, ‘टाके पडले म्हणजे तुम्ही हरलात’. ज्या बाईचे सिझर झाले तिने मान खाली घालावी, अशी भाषा मातृत्वाच्या नावाने रोज बोलली जाते. रुग्णालयाविषयीच्या अविश्वासाची फळे आपण पाहिली आहेत. जुलै २०१८ मध्ये तिरुपूरला यूट्यूबवरच्या चित्रफितींच्या भरवशावर घरीच केलेल्या बाळंतपणात एक तरुणी रक्तस्रावाने गेली. एप्रिल २०२५ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात पाचव्या खेपेची एक आई घरच्या प्रसूतीत दगावली. तिचा नवरा स्वतः यूट्यूब वाहिनी चालवत होता. या दोन्ही मरणांशी डूलांचा संबंध नव्हता. तरीही रुग्णालयाविषयी दहशत पेरून लोकप्रिय होणाऱ्या प्रत्येकीने त्यांच्यासमोर उभे राहून स्वतःला विचारावे : माझ्या एखाद्या रीलने कोणती बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचली नसेल?

चित्रीकरणाचा हव्यास डूलांपुरता नाही, हेही नोंदवले पाहिजे. २०२४ मध्ये चेन्नईत एका लोकप्रिय यूट्यूबरने शस्त्रक्रियागृहात शिरून आपल्या बाळाची नाळ कापली आणि ऑक्टोबरमध्ये ती चित्रफीत जगाला दाखवली. तमिळनाडू सरकारने त्या रुग्णालयावर कारवाई केली. दाराशी उभ्या असलेल्या सासूला जंतुसंसर्गाचे कारण सांगून हाकलणारी व्यवस्था कॅमेऱ्याला मात्र आत वाट देते, हा कुठला न्याय?

‘तिने परवानगी दिली होती’ असा बचाव केला जातो. कधी दिली? दोन कळांच्या मध्ये? जिच्या आधारावर सगळी रात्र काढायची, तिला नाही म्हणण्याची हिंमत कोणत्या बाईत असते? कळांत दिलेला होकार हा होकार नव्हेच. आणि त्या बाळाचे काय? ओले, नागडे, डोळेही न उघडलेले ते मूल जगासमोर मांडायचा अधिकार कोणाला कोणी दिला? उद्या ते पंधरा वर्षांचे होईल, शाळेतली पोरे त्याच्या आईची चित्रफीत एकमेकांना पाठवतील. तेव्हा ही डूला कुठे असेल?

बाजार येथेही थांबत नाही. पोटाच्या आकारावरून ‘मुलगा की मुलगी, ओळखा’ असे खेळ लावून प्रतिसाद गोळा केले जातात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात हा खेळ! कोवळ्या कळ्या पोटातच खुडणाऱ्या समाजात हे मनोरंजन नव्हे, विषाची पेरणी आहे. बाळाच्या दुधाच्या डब्याची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने कोणालाही बंदी आहे. अनुयायांचा आकडा कितीही मोठा असला तरी तो या कायद्याच्या वर नाही. अनुयायी विकत घेणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ साली डॉक्टरांनी लाइक आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत असा नियम लिहिला आणि महिन्याच्या आत ती नियमावलीच स्थगित केली. नियम स्थगित झाला म्हणून खोटेपणा पवित्र होत नाही. जिच्यावर दोन जिवांच्या रात्रीचा विश्वास टाकायचा, तिची पहिली ओळखच खरेदी केलेली असेल तर पुढच्या शब्दावर कोणी का विसंबावे?

आणि हा सगळा झगमगाट कोणासाठी? दुर्गम मेळघाटातल्या, धडगावातल्या बाईपर्यंत यातले काय पोहोचते? पिढ्यान्‌पिढ्या सोबतीचे हे काम सुईणीने केले. अनेक गावांत ती गावकुसाबाहेरची. मध्यरात्री अडलेल्या बाईला तिचा हात चालायचा. सकाळी तिचा विटाळ व्हायचा. पसाभर धान्य आणि जुने लुगडे पदरात टाकले की गाव उतराई झाल्याचे समजायचे. तिच्या अनुभवाला आम्ही शास्त्राची जोड दिली नाही, तिला अडाणी म्हणून बाजूला सारले. आज आशाताई रात्री-अपरात्री बाईला घेऊन दवाखान्यात जाते, तर तिला बसायला खुर्ची मिळत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जगाने वाचले. त्या बायकांचे अनुयायी कोणी मोजले नाहीत. वाचलेली बाळे मोजली. मोजायचे तर असे मोजा!

मग डूलेने प्रसिद्धी करूच नये काय? जरूर करावी, जोराने करावी! ज्ञान लपवणे हेही पापच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्याचे मासिक चालवले. खटले सोसले, तोटा सोसला, शिव्या खाल्ल्या. पण लोकांना आवडेल ते न लिहिता लोकांना कळले पाहिजे ते लिहिले. डूलांनी हा वारसा उचलावा. कळा खऱ्या की खोट्या, हे कसे ओळखावे ते सांगा, आणि मराठीत सांगा. रक्तस्राव, ठणकणारे डोके आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटके, मंदावलेली बाळाची हालचाल, हिरवट पाणी जाणे, यांपैकी काहीही दिसले की क्षणभर न थांबता दवाखाना गाठा, हे शंभर वेळा सांगा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात सिझेरियनसह प्रसूती, औषधे, जेवण आणि ने-आण मोफत आहे, हे किती घरांना ठाऊक आहे? ते सांगा. सोबतीण मागायचा हक्क कसा बजावायचा, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, नवऱ्याने त्या रात्री काय करायचे, हे सांगा. बाहुली आणि उशी घेऊन सारे दाखवता येते. त्यासाठी एकाही बाळंतिणीची लाज उघडी करावी लागत नाही. सिझर झालेल्या बाईला ताठ मानेने उभे करा. तुमचे शिक्षण किती, कोणाकडून, आणि कोणते काम तुमचे नाही, हे पानाच्या माथ्यावर लिहा. डूला आतून तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांचा निर्णय फिरवत नाही, हे लिहायला लाज कसली? असे जे अनुयायी मिळतील ते थोडे असतील, पण तुमच्या शब्दावर एखादीचा जीव वाचेल.

ज्या आयांना आपली गोष्ट स्वतःहून सांगावीशी वाटते, त्यांनी अवश्य सांगावी. बाळंतपण ही लपवण्याची, विटाळाची गोष्ट नव्हे, हे आम्ही उच्चरवाने म्हणतो. पण ती तिने सांगावी : आपल्या तोंडाने, आपल्या वेळी, सव्वा महिना उलटून मन थाऱ्यावर आल्यावर, लेखी होकार देऊन आणि तो केव्हाही मागे घेण्याचा हक्क राखून.

आता सरकारने जागे व्हावे. या देशात डूलांची नोंदणी नाही, आचारसंहिता नाही, तक्रार करायला दार नाही. काही दिवसांच्या ऑनलाइन वर्गानंतर कोणीही पाटी लावू शकते. प्रशिक्षणाचा किमान दर्जा ठरवा, नोंदणी सुरू करा, संमतीविना चित्रीकरण करणारीची नोंदणी रद्द करा. खासगी रुग्णालयांनी नोंदलेल्या डूलेला शत्रू न मानता आत घ्यावे आणि होकार नसलेला कॅमेरा बाहेर ठेवावा. नवरोबांनीही ऐकावे : तुमच्या बायकोला त्या क्षणी कॅमेरावाला नको आहे, तुमचा खांदा हवा आहे.

स्वतःचे दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आनंदीबाई जोशी समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ साली त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. त्यांच्या महाराष्ट्रात १४० वर्षांनंतरही बाळंतीण एकटी असावी, आणि सोबत मिळालीच तर त्या सोबतिणीने तिचा तमाशा करावा, हे आम्हाला मान्य नाही. आमची मागणी साधी आहे. या राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी प्रसूतिगृहाच्या दारावर ठळक मराठीत दोन ओळींची पाटी लावा : ‘येथे बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळेल. येथे तिच्या लेखी होकाराविना कोणीही चित्रीकरण करणार नाही.’ जे प्रसूतिगृह ही पाटी लावायला नकार देईल, त्याला त्याचे कारण प्रत्येक गर्भवतीने विचारावे, प्रत्येक डूलेने विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नये.