धीर आधी की काम आधी?

मैत्रिणींनो,

या आठवड्यात लिंबाच्या लोणच्याविषयी लिहायचं ठरवलं होतं. पण ती बरणी पुढच्या अंकात उघडू. चिखली तालुक्यातल्या एका वाचकताईंचं पत्र आलंय आणि ते काही केल्या मनातून जात नाही.

ताई लिहितात, ‘नववी झाली आणि लग्न झालं. आता अडतीस वर्षांची आहे. मुलगी यंदा दहावीला. तिची पुस्तकं आवरताना वाटतं, आपणही परीक्षेला बसावं. पण धीर होत नाही. सासूबाई म्हणतात, आता या वयात कायले पाहिजे परीक्षा? हे नाही म्हणत नाहीत, नुसते हसतात. थोडा धीर आला की फॉर्म भरीन, असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. धीर येण्यासाठी काय करू?’

ताई, खरं सांगू? धीराची वाट पाहत बसलात, तिथंच गाडी अडली. आपण घरी दही लावतो. दही लागल्यावर विरजण घालू, असं कधी म्हणतो का? आधी चमचाभर विरजण घालायचं, झाकण ठेवायचं, दही मागाहून लागतं. धीराचंही तसंच. आधी चमचाभर काम, मग धीर.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईंची हकीकत सांगते. बुलढाणा जिल्हा म्हटलं की सिंदखेडराजाच्या जिजाऊंचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण खुद्द बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे किती जणींना ठाऊक आहेत?

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकुनी करीत आणि जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलींच्या शाळेचा पत्ता नव्हता, तेव्हा त्यांनी लेकीला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. लग्न झालं, नवरा घरजावई म्हणून आला, मूलबाळ झालं नाही. घर म्हणजे जुन्या वळणाचं, पडदा पाळणारं मराठ्याचं घर. आता यात पुस्तक लिहिण्याजोगं काय होतं, सांगा बरं!

पण १८८१ साली एक गोष्ट घडली. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढं वरच्या कोर्टात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. ‘पुणे वैभव’ पत्रानं तर सगळ्या स्त्रीजातीलाच बोल लावला. ज्या पुरुषापायी ही वेळ आली त्याचं कोणी नावही घेईना. बुलढाण्यात बसून ताराबाईंनी हे वाचलं आणि त्यांचा संताप झाला.

त्या संतापातून ‘स्त्री पुरुष तुलना’ हे पुस्तक झालं. बायकांवर जे जे दोष लादले जातात ते एकेक घेऊन त्या विचारतात, की हेच दोष पुरुषांत नाहीत काय? १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. बुलढाण्याला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. घाट उतरून मलकापूर गाठावं तेव्हा गाडी दिसते. अशा गावातलं हे लिखाण पुण्याला जाऊन छापून आलं!

आता तुम्ही म्हणाल, त्यांच्यात धीर होता म्हणून झालं. तर पुस्तकाच्या आरंभी ताराबाई स्वतः काय सांगतात? की हे आपलं पहिलंच लिहिणं आहे, आपण घरात कोंडलेली अबला, तेव्हा चुका असतील. म्हणजे भीती त्यांनाही होतीच. फक्त भीती संपेपर्यंत त्यांनी दौत झाकून ठेवली नाही.

गोष्ट इथंच संपवली असती तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण पुढचं अर्धं सांगायलाच हवं. पुस्तकावर टीका झाली. परक्यांनी केली ती केली, चळवळीतल्या आपल्याच माणसांनीही नाकं मुरडली. १८८५ साली जोतीरावांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि हे पहिलंही लोक विसरले ते पार १९७५ सालापर्यंत! त्या वर्षी स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून लोकांपुढं आणलं. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि आज विद्यापीठांतून ते अभ्यासलं जातं. मधली त्र्याण्णव वर्षं मात्र वाया गेली ना!

याच १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. चार बायकांना एका सतरंजीवर बसून बोलायची सोय झाली. पण पुणं कुठं आणि बुलढाणं कुठं!

म्हणून मला वाटतं, पहिलं पाऊल माणूस एकट्यानं टाकू शकतं. कधी रागाच्या भरात, कधी हौसेनं. दुसऱ्या पावलाला मात्र सोबत लागते. माझंच पाहा. चाळिशीत मी लूना शिकायला निघाले. पहिल्या दिवशी भर बाजारात पडले. भाजीवालीपासून पानवाल्यापर्यंत सगळे हसले. दुसऱ्या दिवशी किल्लीला हात लावायची इच्छा होईना. तेव्हा धाकट्या जाऊबाई पदर खोचून मागं बसल्या आणि म्हणाल्या, ‘चला वहिनी, पडलो तं दोघी पडू.’ ती लूना मग मी बारा वर्षं चालवली.

तर ताई, आता कामाचं बोलू. एक वही घ्या. त्यात ‘दहावी व्हायचं’ असं लिहू नका. एका दिवसात उरकेल असं पहिलं काम लिहा. तुमच्या बाबतीत ते काम म्हणजे माहेरच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणणं. हरवला असेल तर दुसरी प्रत मिळते, पण तिला दिवस लागतात. एवढ्यासाठी कोणाची परवानगी नको की कोणाला सांगायलाही नको. माहेरी जाल तेव्हा येता येता आणा.

दाखला हाती आला की दुसरं काम. शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्यांसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. हा फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी आणि आता संगणकावरून भरावा लागतो. त्यासाठी दाखला, आधार कार्ड, फोटो हाताशी ठेवा. जवळच्या हायस्कुलात जाऊन विचारा, की यंदाची तारीख कोणती, फी किती आणि संपर्क केंद्र कुठं. मुलीलाच बरोबर न्या. तिला हे सगळं आपल्यापेक्षा पटकन जमतं.

गणिताची धास्ती असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. तिथं विषय आपण निवडायचे असतात, गणित घेतलंच पाहिजे असं नाही. दोन्हींची माहिती काढा, मग ठरवा.

अभ्यासाला वेगळी खोली नि वेगळी वेळ शोधत बसू नका. मुलगी रात्री अभ्यासाला बसते, तिच्याच शेजारी तासभर बसा. तिनं तुम्हाला बीजगणित सांगावं, तुम्ही तिच्याकडून मराठीची उत्तरं म्हणवून घ्यावीत. सोयाबीनची सोंगणी आली, कापसाची वेचणी आली की पंधरा दिवस वही मिटेल. मिटू द्या. सोळाव्या दिवशी उघडली म्हणजे झालं.

सासूबाईंशी वाद घालू नका. एखाद्या दुपारी त्यांच्या डोक्याला तेल लावता लावता सहज विचारा, ‘आत्याबाई, तुम्हाला लहानपणी काय शिकावंसं वाटायचं?’ बघा, काय ऐकायला मिळतं ते. पुष्कळ वेळा ‘कायले पाहिजे’ म्हणणारी बाई आपल्याच जुन्या दुःखाला ते म्हणत असते. यजमान हसतात तर हसू द्या. हॉल तिकीट हाती पडलं की परीक्षेच्या केंद्रावर सोडायला तेच येतील, अशी माझी तरी अटकळ आहे.

ज्यांना परीक्षा नको, शिवणयंत्र हवंय, डबे सुरू करायचेत, भजनाला पेटी शिकायचीय, त्यांनाही हाच हिशेब. मोठी गोष्ट बाजूला ठेवा आणि एका दिवसात होणारं तिचं पहिलं काम शोधा.

आणि आता बाकीच्या मैत्रिणींसाठी. ताराबाईंच्या काळी बुलढाण्यात जी सतरंजी नव्हती, ती आज आपल्या गावोगावी आहे. ज्या १९७५ साली ताराबाईंचं पुस्तक पुन्हा उजेडात आलं, त्याच वर्षी महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्याचे बचत गट आहेत, ‘उमेद’चे आहेत. दर महिन्याला आपण पैसे मोजायला जमतोच. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एकच प्रश्न विचारा, ‘कोणाचं काय राहून गेलंय गं?’ एखादी लाजत लाजत बोलेल. कोणी हसलंच, तर जाऊबाईंसारखं तिच्या मागं बसणारी एक तरी निघू द्या. ती तुम्ही व्हा.

चिखलीच्या ताई, दाखला मिळाल्याचं पत्र लवकर टाका. निकालाचं मागाहून पाहू.

लिंबाचं लोणचं पुढच्या आठवड्यात, नक्की.