हीरो, व्हिलन आणि ‘बाकीचे’

हॉस्टेलवर ‘स्टार वॉर्स’चा विषय निघाला की पाच मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक ल्यूकवाल्यांची, दुसरी वेडरवाल्यांची. ल्यूकवाले जरा कमी असतात, कारण सज्जन माणसाची बाजू घेऊन भांडायला मजा येत नाही. वेडरवाले मात्र जोरात. टी-शर्टवर, लॅपटॉपच्या झाकणावर, एवढंच काय, जर्नलच्या शेवटच्या पानावरसुद्धा तो काळा मुखवटा काढलेला असतो. माझी पार्टी तिसरी आहे. तिला सध्या एकच सभासद आहे, तेव्हा हा लेख म्हणजे सभासद नोंदणीची मोहीम समजा. आमचं म्हणणं साधं आहे. या सगळ्या प्रकरणात बघण्यासारखी माणसं आहेत ती ‘बाकीचे’. हीरोला नशीब असतं, व्हिलनलाही नशीब असतं. निर्णय घ्यावा लागतो तो बाकीच्यांना.

ज्यांनी एकही भाग बघितलेला नाही (असे लोक असतात, आणि बहुतेक त्यांचेच पॉइंटर चांगले असतात) त्यांच्यासाठी थोडक्यात. 1977 साली जॉर्ज लुकासचा पहिला सिनेमा आला, 1980 आणि 1983 साली पुढचे दोन. मग 1999 ते 2005 मध्ये आधीची कहाणी सांगणारे तीन आणि 2015 ते 2019 मध्ये नंतरची सांगणारे तीन. अंतराळात एक दुष्ट साम्राज्य, त्याच्याविरुद्ध मूठभर बंडखोर, फोर्स नावाची गूढ शक्ती आणि ती वापरणारे जेडाय योद्धे. ल्यूक स्कायवॉकर हा वाळवंटातल्या शेतावर काका-काकूंकडे वाढलेला पोरगा, आणि साम्राज्याचा सरदार डार्थ वेडर हा त्याचा बाप. (हे गुपित 1980 सालीच फुटलंय, त्यामुळे आता माझ्या नावानं बोंब मारू नका.)

आता पहिल्या सिनेमाची सुरुवात आठवा. ल्यूक पडद्यावर येतो तो बराच उशिरा. त्याच्याआधी गोष्ट चालते ती दोन रोबोंच्या मागे. एक सतत कुरकुरणारा सी-थ्री-पी-ओ आणि दुसरा नुसता शिट्ट्या मारणारा आर-टू-डी-टू. ही कल्पना लुकासनं कुरोसावाच्या 1958 सालच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’वरून घेतली. तिथंही राजकन्या आणि सेनापतीची गोष्ट आपण दोन भांडखोर, लोभी शेतकऱ्यांच्या नजरेतून बघतो. म्हणजे या गाथेचा पाया घालतानाच लुकासला माहीत होतं की राजघराण्याची गोष्ट सांगायची तर खालून वर बघत सांगावी. पुढे तो स्वतःच हे विसरला, पण ते नंतर.

आधी व्हिलन. वेडर आवडतो यात कुणाचा दोष नाही. ती एन्ट्री, तो आवाज, तो श्वास! पण हा ‘एकमेव’ वेडर घडला कसा ते बघा. अंग डेव्हिड प्राउजचं, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. श्वासाचा आवाज बेन बर्ट या साउंडवाल्यानं पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रातून रेकॉर्ड केलेला. आणि 1983 साली मुखवटा निघाला तेव्हा आतला चेहरा सेबॅस्टियन शॉचा. चार माणसं मिळून एक वेडर झाला. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टसारखंच! फरक एवढाच की इथं चौघांनीही काम केलं.

आणि गोष्टीतला वेडर? 1999 सालचा भाग बघा. नऊ वर्षांचा अ‍ॅनाकिन, गुलामगिरीत वाढलेला, भंगारातून सी-थ्री-पी-ओ आणि शर्यतीचं यान बनवणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅचमधला सगळ्यात हुशार मेकॅनिकलवाला. त्याच्याबद्दल भविष्यवाणी असते की हाच तो, विश्वाचा तोल सावरणारा. मग लहानपणापासून सगळे त्याला हेच ऐकवतात की तू इतरांसारखा नाहीस. मला वाटतं, पोरगा बिघडला तो इथंच. ‘मी वेगळा आहे’ हे एकदा डोक्यात शिरलं की ‘मला सगळं माफ आहे’ हे शिरायला वेळ लागत नाही. वेडरवाले म्हणतात, परिस्थितीनं त्याला तसं केलं. असेल. पण परिस्थिती त्या गाथेत कुणाची चांगली होती?

हान सोलोचं बघा. डोक्यावर कर्ज, मागे लागलेले गुंड, धंदा चोरट्या मालाचा. बक्षिसाचे पैसे घेऊन तो चक्क निघून जातो, आणि ऐन वेळी परत येतो. त्याच्याविषयी कुणी भविष्य वर्तवलेलं नसतं. लँडोचं बघा. गावात साम्राज्याची फौज घुसलेली, म्हणून तो मित्राला पकडून देतो. मग करार रोज बदलायला लागतो आणि त्याच्या लक्षात येतं की अशा वाकण्याला शेवट नाही. तेव्हा हातातलं शहर सोडून तो बंडखोरांकडे जातो. फिनचं बघा. लहानपणीच उचलून नेऊन सैनिक बनवलेला, नाव नाही, नुसता नंबर. 2015 सालच्या भागात गावकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम येतो आणि हा बंदूक खाली करतो. मग त्याच्याबरोबर पळालेला पायलट पो त्याला नाव देतो, फिन. आधी निर्णय, मग नाव. हीरो लोकांचं उलटं असतं, त्यांना नाव आडनावासकट आयतं मिळतं.

आणि आमच्या पार्टीचा अध्यक्ष, वेज अँटिलीस! ऐकलंय नाव? नसेलच. हा बंडखोरांचा एक पायलट. पहिल्या डेथ स्टारच्या हल्ल्यात त्याचं यान जायबंदी होतं, ल्यूक त्याला माघारी जायला सांगतो आणि तो जातो. हीरो असता तर गेला नसता आणि फुकट मेला असता. 1980 सालच्या भागात बर्फातल्या लढाईत त्या चालत्या रणगाड्याचे पाय केबलनं गुंडाळून त्याला आडवा पाडतो तो हाच. 1983 साली दुसरा डेथ स्टार उडवताना लँडोच्या बरोबर आत घुसतो तोही हाच. त्याच्याकडे ना लेझरची तलवार, ना फोर्स, ना बापाचं रहस्य. तीन सिनेमे हा माणूस निमूटपणे ड्युटीवर येतो, दिलेलं काम चोख करतो आणि जिवंत घरी जातो. मला विचाराल तर कुठल्याही प्लँटला असा एक माणूस मिळाला तर प्लँट चालतो.

आता खास आपला विषय, म्हणजे इंजिनिअर. चंद्राएवढं ते डेथ स्टार, ग्रह उडवणारं. आणि त्यात दोन मीटर रुंदीचं एक छिद्र, ज्यातून सरळ रिअ‍ॅक्टरपर्यंत रस्ता! इतकी वर्षं आपण हसत होतो की याचं डिझाइन तपासलं कुणी? 39 वर्षांनी, 2016 सालच्या ‘रॉग वन’मध्ये उत्तर मिळालं. गेलन अर्सो नावाचा इंजिनिअर हे काम नको म्हणून दूर शेती करत असतो. त्याचा जुना सहकारी क्रेनिक त्याला जबरदस्तीनं परत नेतो. त्या झटापटीत गेलनची बायको मरते, पोरगी हरवते. गेलन हिशेब करतो की मी नाही म्हटलं तरी हे यंत्र माझ्याशिवायही पूर्ण होणार आहे. म्हणून तो कामात राहतो आणि मुद्दाम तो कच्चा दुवा आत ठेवतो. निरोप बाहेर नेतो बोधी रूक, एक साधा मालवाहू पायलट. (जाता जाता क्रेनिककडेही बघा. वर्षानुवर्षं प्रोजेक्टच्या मागे हाच, आणि चाचणी यशस्वी झाल्यावर श्रेय उचलायला टार्किन हजर! हा सीन बघताना कोण कोण आठवलं ते ज्यानं त्यानं आपल्या मनात ठेवावं.)

गेलन मला आवडतो, पण तो मला धुतल्या तांदळासारखा वाटत नाही. छिद्र ठेवलं हे खरं, पण यंत्रही त्यानंच चालतं केलं. त्या यंत्रानं आधी जेडाचं शहर संपवलं, मग अल्डेरानचा अख्खा ग्रह. आणि तो स्वतः मेला तो ज्यांना मदत केली त्या बंडखोरांच्याच बॉम्बहल्ल्यात. त्यानं नकार देऊन तिथंच मरायला हवं होतं का? की आत राहून केलं तेच योग्य? यावर आमच्या विंगमध्ये दोन रात्री भांडण झालं आणि निकाल लागला नाही. पण एक सांगतो, ल्यूक की वेडर या भांडणापेक्षा हे भांडण कितीतरी बरं. ल्यूक व्हायचा प्रसंग आपल्यापैकी कुणावर येणार नाही. गेलनचा येऊ शकतो.

ल्यूकवाले लगेच विचारतील, मग 1983 सालच्या शेवटाचं काय? बरोबर आहे, तिथं मलाही मान तुकवावी लागते. ओबी-वान आणि योडा त्याला बापासमोर उभं राहायला सांगतात, सम्राट त्याला बापाला मारून ती जागा घ्यायला सांगतो. दोन्हीकडून लढाई आणि मरणच ठरलेलं, आणि ल्यूक तलवार फेकून देतो. पण नीट बघा, तो क्षण मोठा कशामुळे होतो? त्या क्षणी त्याच्याकडे ठरवून दिलेलं नशीब उरत नाही, उरतो तो निर्णय. म्हणजे हीरो खरा मोठा झाला तो ‘बाकीच्यां’त आल्यावर!

हे सोडून गाथा जेव्हा जेव्हा रक्ताकडे वळली, तेव्हा तेव्हा ती घसरली असं माझं स्पष्ट मत आहे. 1999 साली सांगितलं की फोर्स म्हणजे रक्तातल्या मिडिक्लोरियनची संख्या. अ‍ॅनाकिनची वीस हजारांच्या वर! झालं, फोर्सचाही पर्सेंटाइल निघाला. 2017 साली सांगितलं की रे या नायिकेचे आईबाप कुणीच मोठे नव्हते. मला केवढा आनंद झाला! 2019 साली सांगितलं की छे, ती सम्राटाची नात. म्हणजे सगळी आकाशगंगा शेवटी दोन घराण्यांच्या भाऊबंदकीत. आणि बंदूक खाली करणारा फिन? त्याला कोपऱ्यात ढकललं. ते काम करणाऱ्या जॉन बोयेगानं 2020 साली मुलाखतीत ही तक्रार जाहीरपणे केली, आणि ती खरीच होती.

उलट बाकीच्यांवर विश्वास टाकला की काय होतं ते ‘अँडोर’नं दाखवलं. 2022 आणि 2025 असे दोन सीझन, 24 भाग, आणि एकदाही लेझरची तलवार नाही. त्यातला तुरुंग तर आपल्यासाठीच लिहिलाय असं वाटतं. कैदी बारा-बारा तास कसले तरी पार्ट जोडत असतात. ज्या टेबलाचं काम जास्त त्यांच्या जेवणाला चव मिळते, सगळ्यात मागे पडलेल्या टेबलाला शॉक. (मेस कमिटीनं यातून कल्पना घेऊ नये ही विनंती.) सगळे एकमेकांच्या पुढे जायच्या नादात असतात, आपण काय बनवतोय हे कुणालाच माहीत नाही. सीझनच्या अगदी शेवटी, नावं सरकून गेल्यावर, कॅमेरा मागे जातो आणि कळतं की ते पार्ट डेथ स्टारमध्ये बसतायत. त्याच तुरुंगात कीनो लॉय नावाचा मुकादम आहे. शेवटी सगळ्यांना भडकवून बाहेर काढतो तोच. बाहेर चारी बाजूंनी पाणी, सगळे उड्या मारतात आणि हा कड्यावर उभा. त्याला पोहता येत नाही. हे त्याला आधीपासून माहीत होतं. कुठल्याही तलवारबाजीनं माझ्या पोटात असा गोळा आणला नव्हता.

पडद्यामागेही तेच. पहिल्या सिनेमासाठी लुकासला दिग्दर्शन आणि पटकथेची ऑस्कर नामांकनं होती, दोन्ही हुकली. पण त्याच सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली ती संकलन, ध्वनी, संगीत, वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि स्पेशल इफेक्ट्सवाल्यांना. ती यानं उडाली कारण जॉन डायक्स्ट्राच्या चमूनं कॅमेऱ्याची तीच हालचाल पुन्हा पुन्हा अचूक करवणारी यंत्रणा बनवली, आणि यानांच्या मॉडेलवर बाजारातल्या प्लॅस्टिक खेळण्यांच्या किटचे तुकडे चिकटवले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांनीच ते लष्कर उभं केलं.

तर मंडळी, सांगायचं एवढंच. आपल्यातल्या कुणाबद्दल भविष्यवाणी झालेली नाही. झाली असती तर आपण एवढ्या केटी घेऊन इथं बसलो नसतो. आपण सगळे ‘बाकीचे’ आहोत. उद्या कुठल्या तरी कंपनीत कुठल्या तरी टेबलाशी बसणार, हातात एक पार्ट किंवा कोडच्या शे-दोनशे ओळी येणार, आणि शेजारच्या टेबलाच्या पुढे जायची घाई असणार. त्या वेळी तो पार्ट एकदा उलटा करून बघा आणि विचारा, हा बसतो कशात?

विचारल्याबद्दल पदक मिळेलच असं नाही. पहिल्या सिनेमाच्या शेवटी ल्यूक आणि हानच्या गळ्यात पदकं पडतात आणि तेवढंच लढलेला च्यूबाका शेजारी नुसता उभा असतो. त्याला पदक मिळालं ते 2019 च्या भागात, म्हणजे तब्बल 42 वर्षांनी. तोवर बिचारा यान चालवत होता.

सभासद नोंदणी चालू आहे. वर्गणी नाही.