कानात तेल घालण्यापूर्वी



एका पावसाळ्यातली गोष्ट. एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. पोराच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे, बोळे पिवळे पडलेले. "पाऊस पडला की याचे कान फुटतातच," आजी म्हणाल्या, "लसणाचं तेल कडवून घालतोय की रोज." मी मुलाला नाव विचारले, तर तो आधी माझ्या तोंडाकडे आणि मग आजीकडे पाहू लागला. शाळेत त्याला शेवटच्या बाकावर बसवीत, कारण म्हणे त्याचे लक्षच नसते. लक्ष होते हो त्याचे, ऐकूच पुरेसे येत नव्हते! दोन वर्षे कान वाहत होते आणि घरच्यांना वाटत होते, मोठा झाला की आपोआप थांबेल.

मी आजींना कागदावर कानाचे चित्र काढून दाखवले. आज तेच तुमच्यापुढे शब्दांत मांडतो. कान आतून कसा आहे हे एकदा डोळ्यांसमोर आले, की त्यात काय घालावे आणि काय घालू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपण ज्याला कान म्हणतो, तो पिरगळायचा किंवा बाळी घालायचा भाग म्हणजे नुसते दार. बैल हाक आली की कान त्या बाजूला फिरवतो, आपल्याला ते जमत नाही, मान वळवावी लागते. तरी आपल्या कानाच्या वळ्या-खळग्यांमुळे आवाज समोरून आला की मागून, हे ओळखायला मदत होते. दारातून आत गेले की सुमारे अडीच सेंटिमीटरची वाकडी नळी लागते. तिच्या तोंडाशी बारीक केस असतात आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. हा मळ म्हणजे घाण नव्हे. तो चिकट असल्याने धूळ आत जात नाही, पाणी कातडीत मुरत नाही आणि जंतूंनाही तो मानवत नाही. शिवाय नळीची कातडी आतून बाहेर अशी हळूहळू सरकत असते व मळाला आपल्याबरोबर बाहेर आणते. कान स्वतःच स्वतःला झाडतो. आपण मात्र आगकाडी, केसांची पिन, सायकलचा आरा, हाताला लागेल ते घालून तो मळ उलटा आत रेटतो. जत्रेत कानकोरणे घेऊन बसणाऱ्यांच्या हाती तर कान मुळीच देऊ नये. मळ घट्ट बसून दडा बसला असेल, तर डॉक्टर तो औषधाने मऊ करून काढतात.

नळीच्या टोकाशी कानाचा पडदा. जेमतेम एक सेंटिमीटर रुंद आणि कागदासारखा पातळ. ढोलकीचे पान जसे ताणून बसवलेले असते तसा. आवाजाच्या लाटा आदळल्या की तो थरथरतो.

पडद्याच्या पलीकडे हवेने भरलेली चिमुकली खोली आहे, हा मधला कान. यात तीन हाडे एकमेकांना जोडलेली आहेत. पहिले हातोडीसारखे, दुसरे ऐरणीसारखे आणि तिसरे घोड्याच्या रिकिबीसारखे. नावेही तीच. रिकीब हे आपल्या शरीरातले सर्वांत लहान हाड, लांबी सुमारे तीन मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याएवढे. एवढा खटाटोप कशासाठी? तर आतल्या कानात पाण्यासारखा द्रव आहे. विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्याने कितीही हाका मारल्या तरी धड ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यात सहसा शिरत नाही, वरूनच परततो. इथेही तीच अडचण. म्हणून मोठ्या पडद्यावरचा सारा जोर रिकिबीच्या लहानशा बुडावर आणला जातो. खिळ्याच्या रुंद डोक्यावर घाव घालावा आणि जोर बारीक टोकावर यावा, तसे. हाडांच्या तरफेचा फायदा धरून दाब वीस-बावीस पट वाढतो, तेव्हा कुठे आवाज द्रवात उतरतो. पडद्याला भोक पडले किंवा ही साखळी झिजली, की माणसाला कमी ऐकू का येते, ते यावरून समजावे.

या खोलीला एक मागचे दारही आहे. तेथून एक नळी थेट नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उतरते. एस. टी. घाट चढू लागली की कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की 'पट्' करून सुटतात, ते हीच नळी उघडल्यामुळे. मोठ्यांत ही साडेतीन सेंटिमीटर लांब आणि तिरकी असते. तान्ह्या मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते, म्हणून सर्दीचे जंतू घशातून सहज कानात चढतात. आडवे निजवून बाटलीने किंवा वाटी-चमच्याने दूध पाजले तर दूधही तिकडे जाऊ शकते. मायमाउल्यांनो, पाजताना बाळाचे डोके उंच धरा.

आता कान कसा फुटतो ते पाहा. सर्दीनंतर मधल्या कानात पू साठतो, मूल रात्रभर कळवळते, पू पडदा फोडून बाहेर येतो आणि कळ थांबते. घरचे म्हणतात, बरे झाले. वेळीच उपचार झाला तर बहुतेक वेळा पडदा सांधतोही. पण वारंवार असे होऊ लागले की भोक कायमचे राहते, आणि मग विहिरीत पोहले, डोक्यावरून पाणी घेतले, सर्दी झाली, की कान पुन्हा वाहतो. अशा कानात घातलेले तेल भोकातून सरळ मधल्या खोलीत जाते. कडवलेले तेल कोवळी त्वचा भाजते, आणि लसूण, पाल्याचा रस, दूध, लघवी हे सारे जंतूंना खाद्य किंवा नवे जंतू. वाहत्या कानाला हवा असतो कोरडेपणा. स्वच्छ सुती कापडाच्या वातीने पू टिपून घ्यावा, अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानाच्या तोंडाशी ठेवून नंतर काढून टाकावा, पोहणे बंद करावे आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

पू थोडा पण घाण वासाचा असेल तर एक दिवसही काढू नका. तो रोग हाड खात जातो, आणि मधल्या कानाचे छत म्हणजेच मेंदूच्या तळाचे पातळ हाड आहे. कान वाहणाऱ्या माणसाला ताप, जोराची डोकेदुखी, ओकारी, भोवळ किंवा तोंड एका बाजूला वाकडे होणे यातले काही दिसले, तर गाडी करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. त्या नातवाचे नशीब बरे, त्याला नुसती भोके होती. कान कोरडे झाल्यावर एकेका कानाचे ऑपरेशन झाले. कानशिलावरच्या स्नायूचे पातळ आवरण काढून त्याचाच पडदा बसवतात. आजींनी विचारले होते, "बाहेरून आणावा लागतो का हो पडदा?"

सर्वांत आत, कवटीच्या टणक हाडात, शंखासारखी अडीच वेटोळ्यांची नळी आहे. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी ओळीने बसलेल्या. द्रव हलला की त्यांचे केस वाकतात, वीज उत्पन्न होते आणि नसेवाटे मेंदूला जाते. शंखाच्या तोंडाशी बारीक, टिपेचे सूर ओळखले जातात आणि टोकाशी भरड, खर्जातले. हे कसे होते ते दाखविणाऱ्या बेकेशी या शास्त्रज्ञाला 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एक मात्र कायम ध्यानी असू द्या, या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मळणी यंत्र, टपाचा आडोसा नसलेला ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि वरातीतला डी. जे. त्यांना मारतात. 85 डेसिबलचा आवाज आठ तास, एवढीच साधारण मर्यादा धरतात, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर येते. हाताच्या अंतरावरच्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते, तो आवाज घातक समजा. यंत्रावर काम करताना कानात बोळे किंवा कानावर टोप्या घाला. वरातीत तान्हे मूल घेऊन भोंग्यापुढे उभे राहणाऱ्यांना काय म्हणावे, मला सुचत नाही.

आधी जाते ते टिपेचे ऐकणे. म्हणून आजोबांना आवाज येतो पण 'स', 'च', 'त' यांतला फरक लागत नाही, शब्द निसटतात. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याला हवे तेवढेच ऐकू येते! ओरडू नका, त्याने आवाज फाटतो. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोला, आणि श्रवणयंत्रासाठी तपासणी करवून घ्या.

काही बाळे जन्मतःच बहिरी असतात, आणि ऐकले नाही तर बोलणेही येत नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरातली सोयरीक, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, जन्मानंतरची जोराची कावीळ, ही त्यातली काही कारणे. थाळी वाजवून घरी परीक्षा घेऊ नका. एक तर थाळीचा आवाज फार मोठा, आणि बाळ हादऱ्यानेही दचकते. झोपलेल्या बाळाची ऐकण्याची तपासणी यंत्राने पाच-दहा मिनिटांत होते, दुखत नाही. ती पहिल्या महिन्यातच व्हावी. दोष आढळला तर सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेले मूल बोलायला शिकण्याची आशा चांगली असते. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून याच कामासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जिल्हा रुग्णालयातही विचारावे.

शंखाला लागूनच तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्या तोल सांभाळतात. मुलींनो, फुगडी थांबवली तरी घर फिरताना दिसते ना? या नळ्यांतला द्रव अजून फिरतच असतो, म्हणून.

राहता राहिली किड्याची गोष्ट. गव्हाच्या राखणीला रानात झोपलेल्या माणसाच्या कानात किडा गेला तर आत काही खुपसू नये. कान वर करून साधे, कोमटही न केलेले खोबरेल तेल काही थेंब सोडावे, किडा मरतो आणि फडफड थांबते. मग डॉक्टरांकडून काढून घ्यावा. कान पूर्वी वाहिलेला असेल तर तेलही घालू नये, तसेच जावे. पोराने हरभरा किंवा तुरीचा दाणा घातला असेल, तर पाण्याचा थेंबसुद्धा नको, दाणा फुगून आणखी घट्ट बसतो. आणि घड्याळातला चपटा सेल घातला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तो काही तासांत आतली कातडी जाळतो.